खुर्चीला दोन हात लागतात

"ताई, माझे बाबा परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाले. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू अधू झाली. धरून आठ-दहा पावलं चालतात, एरवी व्हीलचेअर. मे महिन्यात आम्ही माझ्या भावाकडे लंडनला चाललो आहोत. मी, माझा नवरा, बारा वर्षांची मुलगी आणि बाबा. तिथून समुद्राखालच्या रेल्वेने पॅरिसला जायचं, ही बाबांची फार जुनी इच्छा. पण सगळे म्हणतात, चार मोठ्या बॅगा आणि खुर्ची घेऊन परक्या देशात ट्रेन कसली पकडताय, विमानाने जा. परवा बाबाच म्हणाले, 'माझी वरात कशाला काढता, मला इथेच ठेवून तुम्ही जाऊन या.' त्या रात्री मला झोप लागली नाही. काय करू? — घाटकोपरची एक मुलगी"

ट्रेननेच जा. बाबांना घेऊनच जा. आणि चार मोठ्या बॅगा मात्र नेऊ नका.

आधी विमानाचं बोलू. विमानातली वाट इतकी अरुंद असते की आपली खुर्ची आत जाऊच शकत नाही. दारापाशी बाबांना त्यांच्या खुर्चीतून एका चिंचोळ्या खुर्चीत बसवतात, तिच्यातून सीटवर. उतरताना हेच उलट. दर वेळी कुणीतरी अनोळखी माणूस काखेत हात घालून उचलणार. मुंबई-लंडनला याला इलाज नाही. पण लंडनहून पॅरिसला जाताना हेच पुन्हा कशासाठी? समुद्राखालून जाणाऱ्या युरोस्टार गाडीत बाबा आपल्या खुर्चीतच बसून रॅम्पवरून डब्यात जातील, खुर्चीतच बसून प्रवास करतील आणि पॅरिसला खुर्चीतच उतरतील. दोन तास वीस मिनिटांच्या आसपासचा प्रवास, आणि एकदाही कुणी त्यांना उचलणार नाही. ज्याला उचलून घ्यावं लागतं त्याला याची किंमत कळते. बाबांना 'वरात' वाटते ती या उचलाउचलीचीच असणार.

त्यासाठी तिकीट मात्र नेमकं काढायला हवं. एका गाडीत व्हीलचेअरच्या जागा मोजक्याच असतात आणि त्या साध्या सीटपेक्षा वेगळ्या बुक कराव्या लागतात. साधं तिकीट काढून 'तिथे गेल्यावर बघू' असं करू नका. ही जागा वरच्या वर्गाच्या डब्यात असते, पण भाडं साध्या वर्गाच्या कमी दराचं लागतं, आणि सोबतच्या एका माणसालाही सवलतीचं तिकीट मिळून तो शेजारीच बसतो. एकाच माणसाला, हे लक्षात घ्या. तुमच्या घरातले बाकी दोघे दुसऱ्या डब्यात असतील. गाडी जवळजवळ ४०० मीटर लांब असते, चालत्या गाडीत ये-जा करत बसणं जमायचं नाही. म्हणून बाबांच्या गोळ्या, पाण्याची बाटली, बदलायचे कपडे, जे काही दोन-तीन तासांत लागू शकेल ते सगळं बाबांबरोबर बसणाऱ्याच्या पाठीवर हवं. नवऱ्याच्या बॅगेत नको. खुर्चीसाठी मोठं स्वच्छतागृह याच डब्यात जवळ असतं.

खुर्चीचं माप घ्या. ७० सेंटिमीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर लांब एवढ्या जागेत, पाय ठेवायच्या पट्ट्यांसकट, ती बसायला हवी. आपल्याकडच्या घडीच्या खुर्च्या सहसा बसतात, तरी टेप लावून बघा. बुकिंग करतानाच मदतही नोंदवा. युरोपीय संघाच्या सध्याच्या नियमात २४ तास आधी कळवलं तरी चालतं, पण तुम्ही तिकिटाबरोबरच कळवा आणि निघायच्या दोन दिवस आधी पुन्हा एकदा खात्री करून घ्या.

आता बॅगा. तुमच्या पत्रातली खरी अडचण मला इथे दिसते.

गाडीत माणशी दोन मोठ्या बॅगा, ८५ सेंटिमीटर लांबीपर्यंत, आणि वर हातातली एक छोटी बॅग चालते. वजन कुणी करत नाही. ही मुभा ऐकली की आपण हुरळून जातो. चौघांच्या आठ बॅगा नेता येतात म्हटल्यावर चार म्हणजे कमीच की! पण बॅगा मोजायच्या आधी हात मोजा. खुर्ची ढकलायला दोन हात लागतात, पूर्ण दोन. एका हाताने खुर्ची आणि दुसऱ्या हाताने चाकांची बॅग ओढायला गेलात तर खुर्ची तिरकी पळते, हे तुम्हाला घरच्या गल्लीतही करून बघता येईल. म्हणजे तुमचे हात गेले. बाबांचा उजवा हात चालत नाही, डावा खुर्चीचा हात धरून असतो. मुलीकडे एक छोटी बॅग देता येईल, त्याहून जास्त नको. उरले जावईबापू. त्यांचेही दोन्ही हात बॅगांत अडकले तर पासपोर्ट कोण काढणार, लिफ्टचं बटण कोण दाबणार, बाबांचा पाय पट्टीवरून घसरला तर कोण वाकणार? एक हात कायम मोकळा हवाच.

हिशेब सरळ आहे. एक मोठी बॅग, एक विमानात हाताशी नेतो तेवढी छोटी, आणि तुम्हा तिघांच्या पाठीवर एकेक सॅक. एवढंच.

"ते कसं शक्य आहे?" असं तुम्ही म्हणणार. तुमच्या चार बॅगांत भावाच्या घरचं किती आहे ते आधी बघा. मसाले, पापड, भाचरांचे कपडे, वहिनीची साडी. ते सगळं लंडनलाच उतरणार आहे. म्हणून मुंबईहून निघताना अशा बॅगा घ्या की रिकामी झालेली दुसरीच्या पोटात जाईल. पॅरिसला चार दिवसांचे कपडे न्या, भावाच्या घरी धुऊन घेतलेले. मे महिन्यात तिकडे हवा सुखाची असते, एकेक गरम कपडा पुरतो, तो अंगावर घाला.

हमाल मिळेल हे गृहीत धरू नका. दादरला किंवा सीएसएमटीला लाल डगलेवाला दिसला की आपला जीव भांड्यात पडतो, तिकडे तसा कुणी समोर येत नाही. मदतनीस खुर्चीसाठी असतो. तो बॅगही घेईल अशा भरवशावर राहू नका. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवर विमानतळासारखी सुरक्षा तपासणी असते. प्रत्येक बॅग स्वतः उचलून पट्ट्यावर ठेवायची, पलीकडे उचलून घ्यायची. पुढे डब्याच्या दारात पुन्हा उचलायची. जी बॅग तुम्हाला एकटीला कमरेपर्यंत उचलता येत नाही ती भरूच नका.

एक धोका फार कमी लोक सांगतात. खुर्चीच्या मागच्या दांड्यांना पिशव्या अडकवायचा मोह होतो. बाबा खुर्चीत असेपर्यंत ठीक वाटतं. ते सीटवर बसायला म्हणून उठले की पुढचं वजन जातं आणि खुर्ची मागच्या मागे उलटते. चढावर तर माणूस बसलेला असतानाही मागे कलते. पिशवी अडकवायचीच असेल तर सीटच्या खाली, पुढच्या बाजूला, आणि हलकी. मांडीवरही बॅग देऊ नका. ज्याच्या एका अंगाला संवेदना कमी आहे त्याला मांडीवर काय रुततंय ते कळत नाही.

आता माझं एक सांगते, कारण पुढची सूचना त्यातूनच आली आहे. आठ वर्षांपूर्वी आईला घेऊन मी युरोपातच एका देशातून दुसऱ्या देशात ट्रेनने निघाले होते. आईचे गुडघे पार गेलेले, म्हणून खुर्ची. आणि सामान तुमच्यासारखंच, कारण मलाही 'असू दे, लागेल' म्हणायची सवय. मदतनीस आला, चांगला हसतमुख होता, त्याने आईची खुर्ची धरली आणि बाजूच्या रुंद दारातून तिला आत घेऊन गेला. मी तीन बॅगा पट्ट्यावर चढवत मागे राहिले. एक बॅग उघडायला लावली. मधे काच. पलीकडे आईला एका खांबापाशी ठेवून तो दुसऱ्या प्रवाशाकडे गेला होता. तिचा पासपोर्ट माझ्याकडे, तिकीट माझ्याकडे, साखरेच्या गोळ्या माझ्याकडे. एक अधिकारी तिला काही विचारत होता आणि ती नुसतं माझ्याकडे बोट दाखवत होती. वीस मिनिटं गेली असतील. आईने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. पण त्या दिवसानंतर ती परदेशी प्रवासाला 'हो' म्हणाली नाही. माझ्या तीन बॅगांपायी तिचा प्रवास संपला, असं मला आजही वाटतं.

म्हणून सांगते. बाबांचा पासपोर्ट, तिकीट आणि इंग्रजीत लिहिलेला एक कागद बाबांच्याच गळ्यातल्या पाकिटात ठेवा. कागदावर त्यांचं नाव, आजार, औषधांची नावं, तुमचा आणि भावाचा फोन नंबर लिहा. औषधांची कंपनीची नावं लिहू नका, मूळ रसायनाचं नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण आपली इथली नावं तिकडच्या फार्मसीत कुणी ओळखत नाही. आणि मदतनीस खुर्ची धरायला आला की पहिलं वाक्य तुमचं असू द्या : "आम्ही दोघं बरोबरच येणार." तुमच्या पाठीवर फक्त सॅक असेल तर हे वाक्य पाळता येतं. सामान जावयाच्या रांगेतून जाऊ दे.

सीमेचं गणित समजून घ्या, म्हणजे गोंधळ होणार नाही. या मार्गावर ब्रिटनमधून बाहेर पडायची आणि फ्रान्समध्ये शिरायची तपासणी लंडनच्याच स्टेशनवर, गाडीत बसायच्या आधी होते. फ्रान्सचे अधिकारी तिथेच बसलेले असतात. म्हणून ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा शेंगेन व्हिसा वेगळा, दोन्ही हातात असल्याशिवाय गाडीत पाऊल ठेवता येत नाही. दोन्ही इथूनच करून घ्या. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. बाबांचा जुना आजार त्यात धरला आहे की नाही ते एजंटच्या तोंडी न ऐकता पॉलिसीत वाचा. व्हिसा केंद्रावर बोटांचे ठसे घेतात. झटक्यानंतर उजव्या हाताची बोटं आवळलेली असतील तर ओढून उघडू देऊ नका. जेवढी बोटं उमटतील तेवढीच घ्यायची, असा नियम आहे. डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात शिरणाऱ्या परदेशी लोकांची नोंद नव्या संगणकीय पद्धतीने, फोटोसकट, सुरू झाली आहे. त्यासाठी उभी यंत्रं असतात. खुर्चीतून कॅमेऱ्याशी चेहरा जुळत नसेल तर झटापट करू नका, सरळ माणूस बसलेल्या खिडकीकडे न्यायला सांगा. या सगळ्याला वेळ लागतो. गाडीच्या अर्धा तास आधी दारं बंद होतात, तुम्ही दोन तास आधी पोचा. भावाच्या घरून स्टेशनला काळ्या टॅक्सीने जा. लंडनच्या प्रत्येक काळ्या टॅक्सीत खुर्चीसाठी रॅम्प असतो, बाबांना खुर्चीतून उठावं लागत नाही.

खाण्याचं एका दमात सांगते. दूध आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनहून युरोपीय संघात नेता येत नाहीत, आणि भारतातून ब्रिटनमध्येही नाहीत. म्हणजे भावासाठीची साजूक तुपाची बरणी, खव्याचे पेढे घरीच राहू देत. चकली, भाजके पोहे, खाकरा बिनधास्त न्या.

पॅरिसला उतरताना एका गोष्टीची आठवण ठेवा. आपण मुंबईकर स्टेशन यायच्या आधीच दाराशी जाऊन उभे राहतो, कारण लोकल थांबते ती अर्ध्या मिनिटासाठी. घाटकोपरला तर विचारूच नका. पण गार द्यू नॉर हे शेवटचं स्टेशन. गाडी तिथून पुढे कुठेही जात नाही. सगळा डबा रिकामा होऊ द्या, रॅम्प येईपर्यंत बाबांना खिडकीतून फलाट बघू द्या. पासपोर्टची तपासणी लंडनला झालेली असल्याने सरळ बाहेर पडायचं. स्टेशनच्या आत कुणी 'टॅक्सी, टॅक्सी' म्हणत जवळ आलं तर मान हलवून पुढे चला, बाहेर अधिकृत टॅक्सीची रांग असते तिथेच उभे राहा.

पॅरिसच्या मेट्रोच्या नादी लागू नका. ती १९०० सालापासूनची, जुन्या स्टेशनांत नुसत्या पायऱ्याच पायऱ्या. खुर्चीला पूर्ण सोयीची म्हणावी अशी १४ नंबरची एकच लाइन. बस मात्र उत्तम, दारातून रॅम्प बाहेर येतो आणि शहरही दिसतं. जुन्या भागात दगडी फरसबंदी आहे. तिथे लहान चाकांची, फक्त मागून ढकलायची खुर्ची दर दोन दगडांत अडकते आणि बाबांना पुढे फेकते. मागची चाकं मोठी असलेली खुर्ची असेल तर तीच न्या, नसेल तर आता मेपर्यंत वेळ आहे. दगडांवर खुर्ची उलटी फिरवून मोठी चाकं पुढे करून ओढायची.

पत्रात तुम्ही परतीचं लिहिलं नाहीये. विमानाची तिकिटं अजून काढली नसतील तर जाताना मुंबई-लंडन आणि येताना पॅरिस-मुंबई असं काढा. दोन्ही थेट विमानं आहेत. पुन्हा लंडनला यायचं, पुन्हा तपासणी, पुन्हा खुर्चीची जागा मिळवायची, हे सगळं वाचतं. तिकीट काढताना बाबांची अवस्था आहे तशीच सांगा. आपल्याकडे चालणाऱ्या आई-वडिलांसाठीही सोबत म्हणून खुर्ची मागायची पद्धत पडली आहे, त्यामुळे नुसतं 'व्हीलचेअर' म्हटलं की समोरचा त्यांना जिने चढता येतात असं धरतो. विमान कंपन्यांचे तीन प्रकार आहेत : जिने चढू शकणारा, जिने न चढता सीटपर्यंत स्वतः चालू शकणारा, आणि सीटपर्यंतही चालू न शकणारा. बाबा धरून आठ-दहा पावलंच चालतात, म्हणून ते तिसऱ्या प्रकारात येतात. तेच शब्द वापरा. आणि खुर्ची विमानाच्या दारात सोपवताना तिची उशी आणि पायाच्या पट्ट्या काढून आपल्याबरोबर ठेवा, हरवतात त्या याच गोष्टी.

राहिले बाबा. त्यांना समजावू नका, त्यांना काम द्या. ज्या माणसाने परळ वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलं त्याला तुम्ही प्रेक्षणीय स्थळं काय दाखवणार? त्यांना गाडीबद्दल विचारा. ती गाडी पंचवीस हजार व्होल्टच्या ओव्हरहेड तारेवर धावते. १९२५ साली बोरीबंदरहून कुर्ल्याला पहिली विजेची गाडी गेली ती पंधराशे व्होल्ट डीसीवर, आणि आपल्या लोकलना पंचवीस हजारांवर यायला पुढची जवळजवळ नव्वद वर्षं लागली. तो बदल त्यांनी नोकरीत असताना डोळ्यांनी पाहिला असेल. नव्या युरोस्टार सीमेन्सने बांधल्या आहेत. सीमेन्सच्या विजेच्या यंत्रणेच्या पांढऱ्या-जांभळ्या लोकल मुंबईत २००७ मध्ये आल्या, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युरोस्टार सेंट पँक्रसवरून सुटायला लागली. बोगदा पन्नास किलोमीटरचा, त्यातले अडतीस समुद्राखाली. उघड्यावर ताशी तीनशेने धावणारी गाडी बोगद्यात एकशे साठवर येते. का, ते त्यांना नातीला समजावून सांगू द्या. आणि खुर्चीची टेप लावून मापं घेणं, नटबोल्ट तपासणं, बरोबर कुठले पाने घ्यायचे ते ठरवणं हेही त्यांच्याकडेच सोपवा. खुर्चीचा मालक तो. डावा हात शाबूत आहे आणि डोकं तर आहेच.

शेवटचं, आणि हे टाळू नका. एका रविवारी सकाळी आठ वाजता रंगीत तालीम करा. त्याच बॅगा, त्याच सॅक, खऱ्या वजनाने भरलेल्या, बाबा खुर्चीत, गळ्यात पाकीट, आणि घाटकोपरहून मेट्रोने वर्सोव्यापर्यंत जाऊन परत या. लिफ्ट, तपासणीचा पट्टा, फलाट आणि दारामधली फट, सगळं त्यात येतं. कुणाचा हात कमी पडला ते तिथे कळेल आणि घरी येऊन बॅग उघडता येईल. आदल्या दिवशी एकट्याच जाऊन लिफ्ट रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे आणि चालू आहे ना, ते मात्र बघून या.